नोक आधी लागली होती

मी भाल्याचं काम केलं असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "बाई, तुम्ही किती लांब फेकायच्या?" मी सांगते, मी फेकायची नाही, बघायची. मग समोरच्याचा चेहरा उतरतो. बोलणं तिथेच संपतं आणि ते चहाकडे वळतात. त्यांची चूक नाही. फेकणारीचं नाव पेपरात येतं. बघणारीचं येत नाही. आलंच तर समजावं की काहीतरी बिघडलं. माझं एकदा आलं होतं, तेच आज सांगायचं आहे. पण आधी हे बघण्याचं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आर्वीच्या मुलींच्या शाळेत मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लागले, तेव्हा शाळेत मुलींचे खेळ म्हणजे लेझीम, खो-खो आणि पंधरा ऑगस्टच्या कवायती. मैदानी खेळांच्या तालुका स्पर्धा असत, पण त्यांना पंच मिळत नसत. मुलांच्या शाळेतले सर म्हणाले, "तुम्ही उभ्या राहा हो, नुसती झेंडी तर दाखवायची आहे." मी उभी राहिले. पुढे त्या झेंडीची रीतसर परीक्षा दिली, जिल्ह्याची, मग राज्याची, मग देशाची. पोस्टात असलेले आमचे हे म्हणायचे, "झेंडी दाखवायला एवढा अभ्यास? आमचा रेल्वेचा गार्ड तर चौथी पास आहे."

भाला फेकणारी मुलगी धावत येते आणि पांढऱ्या रेषेच्या आत थांबून भाला सोडते. रेषा ओलांडली का, ते तिथला पंच बघतो. दुसरा पंच लांब मैदानात, भाला पडतो तिथे उभा असतो. ती मी. भाला आखलेल्या दोन रेषांमध्ये पडायला हवा, आणि त्याची नोक, म्हणजे लोखंडी टोक, जमिनीला सगळ्यात आधी लागायला हवी. भाला रुतलाच पाहिजे अशी लोकांची समजूत असते, तसं नाही. नोक आधी लागून मग तो आडवा पडला तरी फेक चांगली. पोट किंवा शेपूट आधी टेकलं की बाद. चांगलीला पांढरी झेंडी, बाद झाली तर लाल. मग नोक लागली त्या जागी टेपचं शून्य धरायचं आणि मोजायचं.

ऐकायला सोपं आहे. पण त्या काळचे बायकांचे भाले फार तरंगायचे. वाऱ्यावर घारीसारखे जायचे आणि उतरताना आडवे व्हायचे. नोक आणि पोट यांच्या टेकण्यात पापणी लवण्याइतकंही अंतर नसायचं. भाला हवेत असताना सगळं मैदान वर बघतं. पंचानं मात्र ठरावीक वेळी नजर खाली आणायची असते, जिथे तो येणार तिथल्या गवताकडे. ही नजर खाली आणायची वेळ कोणी शिकवू शकत नाही. हजार भाले पडताना पाहिले की ती आपोआप येते.

हजार भाले मी आर्वी, आष्टी, पुलगाव, हिंगणघाट अशाच मैदानांवर पाहिले. तिथल्या पंचगिरीची गंमत वेगळी. आमचा पहिला भाला वेळूचा होता, लोहाराकडून नोक बसवून घेतलेला. नंतर शाळेला एक अल्युमिनियमचा मिळाला. तो स्पर्धेला न्यायचा म्हणजे एसटीनं. कंडक्टर दारातच आडवा व्हायचा.

"बाई, हे हत्यार गाडीत नाई चालत."

"हत्यार नाही हो. खेळाचं सामान आहे."

"मंग टपावर टाका."

टपावर टाकला तर मिरच्यांच्या पोत्यांखाली वाकायची भीती. शेवटी ड्रायव्हरनंच तोडगा काढला. नोकेला गोणपाट गुंडाळून भाला मधल्या वाटेत निजवायचा आणि माणसांनी तो ओलांडून चढायचं-उतरायचं. एकदा आष्टीच्या बाजाराला निघालेली एक म्हातारी त्याच्यापाशी थबकली. तिनं मला विचारलं, "वाघ निंगाला का कुठी?"

"नाही आजी, पोरी खेळायला चालल्या."

"बाप्पा! वाघ नाई, चोर नाई, आन भाला कायले?" असं म्हणून ती हसत सुटली, ती थेट आष्टी येईपर्यंत.

आमच्या काळ्या मातीनंही मला बरंच शिकवलं. एका वर्षी स्पर्धा लांबत लांबत मार्चावर गेली आणि मैदानाला भेगा पडल्या. एका मुलीचा भाला नेमका भेगेत शिरला तो मुठीपर्यंत आत. दोघांनी ओढून निघेना. तिच्या शाळेचे सर माझ्याशी वाद घालू लागले. "बाई, भाला आत गेला तेवढं अंतर बी धरा ना! पोरीनं ताकद लावली म्हून त गेला." मी म्हटलं, "सर, ते अंतर विहिरीच्या खात्यात लिहून घेते." ते रागावले, पण दुपारी जेवताना त्यांनीच मला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं.

प्रमिला चाफले मला सापडली तीही अशाच एका तालुका स्पर्धेत. म्हणजे सापडली सभापतींमुळे. सभापती पाहुणे होते. त्यांना ऊन लागत होतं, म्हणून त्यांनी आपली खुर्ची कडुनिंबाखाली मांडायला लावली. तो निंब भाल्याच्या दोन रेषांच्या अगदी मधोमध, पार शेवटाला होता. मी जाऊन सांगितलं, "साहेब, इथं भाला पडतो."

"पोट्ट्यायचाच ना?" ते म्हणाले. "पोट्ट्या काय इथवरी फेकतात!"

सभापतींना उठवायची हिंमत कोणाला नव्हती, मलाही नव्हती. मुली फेकत होत्या आणि भाले खरंच मध्येच पडत होते. शेवटी एक मुलगी आली, खो-खोच्या संघात राखीव म्हणून आणलेली. भाल्याची आमची मुलगी तापानं पडली म्हणून मीच तिला उभी केली होती. तिनं भाला कसा धरावा हे नुकतंच, म्हणजे त्या सकाळी, पाहिलं होतं. ती चार ढांगा धावली आणि गोफण फिरवावी तसा हात मोकळा सोडला. भाला सभापतींच्या पुढ्यात, बुटापासून दोन हातांवर थरथरत उभा राहिला. सभापती खुर्चीसकट मागे गेले. मी पांढरी झेंडी दाखवली. त्यांना वाटलं मी त्यांना शांत करते आहे.

ती मुलगी पळत आली आणि घाबरून म्हणाली, "बाई, मले शाळेतून काढतान का आता?"

प्रमिला आष्टीकडच्या एका खेड्यातली. तिच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून ती आर्वीला मावशीकडे राहून शिकत होती. वडील नामदेवराव, संत्र्याची थोडी झाडं आणि बाकी कापूस. मी त्यांच्याकडे परवानगी मागायला गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्यात पोरीले लागत त नाई ना काई?" मी नाही म्हटलं. "आन पोरीचं दुसऱ्याले?" मी जरा थांबून सांगितलं, आजवर नाही. "मंग फेकू द्या," ते म्हणाले.

ती शाळा संपून कॉलेजात गेली तरी सकाळी माझ्याकडेच यायची. बाजार समितीच्या मागे एक पडीत वावर होतं, तिथे आम्ही दोघी. मी साडीचा पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून लांब उभी राहायची, ती फेकायची, मी भाला उपसून चालत परत आणून द्यायची. तिला फारसं काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. कोपर वर ठेव, डोकं पडू देऊ नको, शेवटचा पाय घट्ट रोव. बाकी तिच्या हातात होतं ते होतं. जिल्हा, विद्यापीठ, राज्य असं करत ती राष्ट्रीय शिबिरात गेली. तिथले प्रशिक्षक चांगले होते. मग ती सुट्टीत आली की मीच तिच्याकडून शिकायची.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा दिल्लीला आशिया खंडाची मैदानी स्पर्धा होती. त्यासाठी देशभरातून पंच बोलावले, त्यात मी होते. आणि बायकांच्या भाल्याच्या भारतीय संघात प्रमिला होती. आर्वीत मला कोणीही भेटलं की म्हणायचं, "बाई, आता काय, घरचीच फेकणारी आन घरचीच पाहणारी." मी हसायची. पण मला त्याचं ओझं वाटत होतं. प्रमिलासाठी एका मोठ्या कारखान्यात खेळाडूंच्या जागेवर नोकरीचं बोलणं झालं होतं. अट एकच होती, पदक. सोनं-रुपं त्यांनी मागितलं नव्हतं, तिसरा नंबर चालणार होता. घरात तिच्या पाठच्या दोन बहिणी होत्या, आणि यंदा नोकरी नाही तर लग्न, असं तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं.

दिल्लीला गेल्या गेल्या मी आमच्या मुख्य पंचांना गाठलं. निवृत्त फौजी माणूस, ताठ, पांढऱ्या मिशांचा. त्यांना सांगितलं, अंतिम फेरीत माझी विद्यार्थिनी आहे, मला दुसरीकडे कुठेतरी लावा. ते म्हणाले, "मैडम, यहाँ हर दूसरा पंच किसी न किसी का गुरु है. सबको हटा दूँ तो झंडी कौन उठाएगा? भाला देखिए, चेहरा मत देखिए."

मग मी भालाच बघायचं ठरवलं. पांढरी साडी, वर संघटनेनं दिलेला निळा कोट, दोन हातांत दोन झेंड्या, अशी मी त्या प्रचंड मैदानात उभी राहिले. आमच्या पडीत वावरातून आलेल्या माणसाला ते गवत गालिच्यासारखं वाटत होतं. माझ्या जोडीला पंजाबकडचे एक पंच होते, उंच, धिप्पाड, स्वभावानं फार गोड. खूण खोवायचं काम त्यांचं, झेंडीचं माझं.

स्पर्धेत दोघी जणी इतक्या पुढच्या होत्या की सोनं आणि रुपं पहिल्या दोन फेऱ्यांतच ठरल्यासारखं झालं. तिसऱ्या जागेसाठी खरी चुरस होती. प्रमिलानं तिसऱ्या फेरीत आपली सर्वांत चांगली फेक केली आणि ती तिसरी आली. तिचा भाला माझ्यासमोर स्वच्छ रुतला. झेंडी दाखवायला मला विचारही करावा लागला नाही. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. ती लांबून मला दिसत होती; माझ्याकडे बघत नव्हती. तसं आमचं ठरलंच होतं.

एका लहान देशातली एक सडपातळ मुलगी चौथी होती. तिचं नाव मला उच्चारता यायचं नाही. आम्ही तिला पाठीवरच्या नंबरानंच ओळखत होतो. प्रत्येक फेकीआधी ती बुटाचा तळवा पुसायची. पाचव्या फेरीत ती आली तेव्हा वारा उठला होता. तिनं भाला जरा उंच सोडला. तो वर गेला, तरंगला, थरथरला आणि आडवा होत खाली येऊ लागला. प्रेक्षकांत आधीच "गेला, गेला" अशा अर्थाचा कल्ला झाला. माझी नजर खाली आली.

आधी बारीक "टच्" झालं आणि त्याला चिकटूनच "थप्प". गवताचं एक पातं उडालं, नोकेपाशी. मग भाल्याचं सगळं अंग आपटलं आणि तो घसरत पुढे गेला.

जोडीदार म्हणाले, "फ्लैट है, मैडम."

"नहीं," मी म्हटलं. "नोक लगी है." आणि जाऊन त्या जागेवर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खूण खोवली. मी उठून पांढरी झेंडी वर केली.

इतक्या माणसांचा राग एकदम आपल्या अंगावर आला की कसं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपल्याकडे फार तर दहा-पंधरा जण ओरडतात, आणि त्यातले निम्मे ओळखीचे असतात. इथे तो आवाज एखाद्या भिंतीसारखा होता. झेंडी मात्र मी खाली आणली नाही. मी गुडघ्यावर बसून टेपचं शून्य त्या टोचणीवर धरलं. मापाचा आकडा फळ्यावर लागला तेव्हा आवाज आणखी वाढला. ती मुलगी तिसरी झाली होती. प्रमिला चौथी.

प्रमिलाची शेवटची, सहावी फेक तेवढी उरली होती. ती धावण्याच्या पट्ट्यावर उभी राहिली तेव्हा मात्र मी तिचा चेहरा पाहिला. मुख्य पंचांनी बजावलं होतं तरी पाहिला. तो रागीट नव्हता. वावरात सकाळी भाला हातात घेताना असायचा तसाच होता, फक्त ओठ घट्ट मिटलेले. ती धावली आणि तिनं सगळं अंग त्या भाल्यामागे टाकलं. भाला सुंदर आला. नोक खाली, शेपूट वर, माझ्या पुढ्यात येऊन रुतला. मी पांढरी झेंडी दाखवली आणि बसले. शेजारी त्या मुलीची खूण होती. प्रमिलाच्या भाल्याचं भोक त्या खुणेच्या वीतभर मागे होतं. टेप ओढायच्या आधीच मला कळलं. तरी टेप ओढला, शून्य धरलं. रेषेवरच्या पंचांनी "ठीक से पकड़ा है?" असं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

स्पर्धा संपल्यावर आपल्या संघाच्या व्यवस्थापकांनी त्या फेकीविरुद्ध तक्रार केली. त्यांचंही कामच होतं ते. तक्रार ऐकणारे तिघे जण मैदानात आले. मला विचारलं, मी सांगितलं. जागा दाखवली: पुढे बारीक टोचणी, त्यातून वर आलेली माती, आणि मागे भाल्याच्या अंगानं दाबलेलं गवत. एकानं वाकून टोचणीत करंगळी घातली. माझ्या जोडीदारांना विचारलं. ते म्हणाले, "साहब, मेरी नज़र पूँछ पर थी. नोक मैंने देखी नहीं. मैडम ने देखी है." दुसरा कोणी असता तर आधी तोंडातून गेलेलं "फ्लैट" धरून बसला असता. त्या माणसाचा मला आजही आदर वाटतो.

तक्रार फेटाळली. व्यवस्थापक जाता जाता मला म्हणाले, "आप किस देश की हैं, मैडम?" मी झेंड्या गुंडाळल्या.

पदकं वाटून झाली. खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेवर प्रमिला पायरीवर बसली होती. खांद्यावर टॉवेल, बूट काढलेले. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. तिनं वर न बघता विचारलं,

"बाई, लागली होती का नोक?"

"लागली होती."

"तुमाले दिसली?"

"दिसली."

तिनं बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मंग माहीच कमी पडली." आणि त्यानंतर ती रडली. मी शेजारी बसले. माझ्या अंगावर तो पंचांचा निळा कोट होता आणि येणारे-जाणारे बघत होते, म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवायचाही मला संकोच वाटला. मग कोट काढून मांडीवर घेतला आणि हात ठेवला. एवढ्यात त्यांची गाडी निघाली म्हणून कोणीतरी हाक मारली. ती बूट हातात घेऊन तशीच अनवाणी गेली.

मी एकटीच परत आले. रात्रभराच्या गाडीत एकच प्रश्न मला टोचत होता. नोक लागली होती याबद्दल शंका नव्हती. पण तोच भाला प्रमिलाचा असता आणि तो खरंच आडवा पडला असता, तर माझ्या हातानं लाल झेंडी इतक्याच सहज उचलली असती का? उचलली असती असं वाटतं. पण तशी पाळी आली नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही.

आर्वीत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. नागपूरच्या एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या आणि त्यात माझं नाव होतं. स्टँडवरच्या कँटीनमध्ये चहा घेतला तर गल्ल्यावरचा म्हणाला, "बाई, दिल्लीले जाऊन आपल्याच पोट्टीले पाडून आल्या म्हणे?" शाळेच्या सचिवांनी आम्हा दोघींचा सत्कार ठरवला होता, ते म्हणाले, "जरा हवा थंड होऊ द्या." ती अजून थंड व्हायची आहे. भाजीवालीनं तेवढं मनापासून विचारलं, "काऊन केलं वो बाई असं?" मी तिला नोक आणि पोट समजावून सांगितलं. तिनं एक दोडका हातात घेतला, टोक पाटीवर टेकवून पाहिलं, मग आडवा आपटून पाहिला. "दिसते त खरं," ती म्हणाली. पण पटलं होतं असं नाही.

आठवड्यानं एका संध्याकाळी नामदेवराव दारात आले. हातात संत्र्यांची थैली. मला धडकीच भरली. त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते कापसाबद्दल बोलले, पोस्टात पेन्शनीचं काय असतं ते ह्यांना विचारलं. चहा झाला. मग ते म्हणाले,

"येक सांगा मास्तरीणबाई. तुमी पांढरी झेंडी नसती दाखवली, त माही पोरगी तिसरी आली असती?"

"हो," मी म्हटलं.

"आन नोकरी लागली असती?"

"बहुतेक लागली असती."

त्यांनी मान हलवली. कपातला तळ बघत राहिले. "त्या दुसऱ्या पोरीले बी बाप असंनच ना," ते म्हणाले. मग जरा आवाज चढवून, "ते जाऊ द्या. पोरगी आली दिल्लीहून तशी घरी बसून राह्यली. मायसंग भांडून राह्यली, जेवत नाई धड. तुमी बोलावत काऊन नाई तिले?"

"मला वाटलं, तिला माझं तोंड बघायचं नसेल."

"तिले वाटून राह्यलं का तुमाले तिचं पाहाचं नाई. दोघी बी येकसारख्याच." ते उठले. "धाडतो उद्या. पहिल्या गाडीनं."

लग्नाचं काय ते मी विचारलं नाही. त्यांनीच दारात चपला घालताना सांगितलं, "मायले मी समजावतो. साल-दोन साल."

त्या साल-दोन सालात पदक आलं नाही. कारखान्याची जागा दुसऱ्या कोणाला गेली. प्रमिला पुढे पोलिसात भरती झाली, ती दौड आणि गोळाफेकीच्या जोरावर, आणि लग्न तिनं नोकरी लागल्यावर, आपल्या पसंतीनं केलं. कारखान्याची नोकरी मिळाली असती तर बरं झालं असतं का वाईट, हे मला ठरवता येत नाही. पण बहिणींची शिक्षणं त्या दोन वर्षांत रखडली. धाकटीची तर सुटलीच. ते माझ्या मनातून जात नाही. झेंडी बरोबर होती, म्हणून त्याचं वाईट वाटायचं थांबत नाही.

नामदेवराव येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेले तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. दव पडलं होतं. मी भाला तिच्याकडे दिला. तिनं तो घेतला, पण उठली नाही. मांडीवर आडवा ठेवून नोकेचं गोणपाट सोडत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "त्या पोरीनं फेकला कसा?"

"म्हणजे?"

"हात कुठी होता तिचा? इतका उंच सोडला, तरी नोक आधी कशी आली? मले काईच दिसलं नाई. मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती."

तिनं भाला माझ्यापुढे धरला. आजवर फेकणाऱ्यांच्या रांगेत मी कधी उभी राहिले नव्हते. पदर खोचला, चपला काढल्या, ती मुलगी तळवा पुसायची तसा पुसला. मग कोपर कुठे होतं ते आठवत मागे गेले, आणि प्रमिला उठून लांब, भाला पडेल तिथे, जाऊन उभी राहिली.